जास्तीचा ह

१

प्राचार्यसाहेब, हेमालीला मरायला कुणी लावलं ते तुम्ही अहवालाच्या शेवटच्या पानावर लिहिलंत, खाली सही केलीत, सहीवर गोल शिक्का मारलात. ते पान खोटं आहे. खोटं आहे हे सही करतानाच तुम्हाला माहीत होतं.

मी विजया. बोईसरला तुमच्या कॉलेजच्या फाटकासमोर झेरॉक्स आणि मराठी टायपिंगचं दुकान आहे, ते माझं. तुमच्या समितीच्या अहवालाच्या पाच प्रती माझ्याच मशिनवर निघाल्या. सहावी काळी आली म्हणून तुमचा माणूस टाकून गेला. ती मी ठेवली.

त्यात काय आहे ते आधी सांगते. हेमाली, वय एकोणीस, बी.कॉम.चं दुसरं वर्ष, राहणार शिरगाव. नऊ फेब्रुवारीला सकाळी बोंबील वाळत घालायला निघालेल्या बायकांना ती किनाऱ्यावर सापडली. तीन दिवस आधी माझ्या दुकानात येऊन गेली होती. रांग होती, मी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलंसुद्धा नाही.

डिसेंबरात कॉलेजच्या गॅदरिंगला तिने सूत्रसंचालन केलं. त्यातले नऊ सेकंद कुणीतरी उचलले. "आमी तुमचा स्वागत करतो, कोनी उठू नका, प्रोग्राम संपला नाय." त्याला मागून हसण्याचा आवाज जोडला आणि सोडून दिलं मोबाइलवर. चार लाख लोकांनी ते पाहिलं. चार जानेवारीपासून त्याच्याखाली एक खातं लिहायला लागलं. नाव 'खरं बोलणारा', फोटो गॉगल घातलेल्या कुणा मिशीवाल्याचा. पाच आठवड्यांत एक्केचाळीस वेळा लिहिलं. तुम्ही तारीख-वेळेसकट यादी जोडलीत, त्यातली ही थोडी:

'स्टेजवर चढायच्या आधी बोलायला शिक.'

'हिला माईक कशाला, म्हासळीची पाटी द्या.'

'म्हीठ लावून वाळत घाला हिला, तोंड तरी बंद होईल.'

'तुझी इथे कुणाला गरज न्हाही.'

प्रत्येकाखाली हसणारे पिवळे चेहरे. शेकड्यांनी. आणि पूर्ण यादीत शब्दांत दिलेलं उत्तर एकच, तेहतिसाव्या शेऱ्याखाली. अंकुश नावाच्या मुलाने दोन शब्द लिहिलेत: 'नको गं.'

ते खातं सापडलं अंकुशच्याच फोनमध्ये. तो हेमालीच्याच वर्गातला, डोंगराकडच्या पाड्यावरचा. सकाळी कॉलेज, दुपारी तीनपासून तारापूर एमआयडीसीत कंत्राटी कामगार. तुम्ही लिहिलंत, 'आरोपीने स्वतःच्याच खात्याला उत्तर देऊन दिशाभूल केली.' नऊ दिवस तो कोठडीत होता तेव्हा त्याची आई सोमी माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसली.

"बाय, अर्ज लिवून दे. माझ्या पोऱ्यानं काय नाय केला."

"तो काय म्हणतो?"

"काय बोलतच नाय. पोलीस इचारतात, वकील इचारतो, मी इचारते. खाली बघतो. तोंड शिवल्यागत."

"सोमीबाई, न बोलणारा आरोपी म्हणजे अर्धा गुन्हा कबूल, असंच धरतात."

"धरू दे. तो लहान होता तवापासून असाच हाय. दुसऱ्याची वस्तू ठेवायला दिली का मुठी उघडत नाय."

कंपनीतूनच त्याला उचललं होतं. त्याचे कामाचे कपडे आईला परत मिळाले होते, ते तिने पिशवीतून काढून दाखवले. शर्टाच्या खिशातून पत्र्याचा गोल बिल्ला पडला. वर आकडा ठोकलेला, २१२.

"ह्या काय गं? देवाचा हाय?"

देवाचा नव्हता. केमिकलच्या कंपनीत मोबाइल आत नेऊ देत नाहीत, ठिणगी उडते म्हणून. फोन गेटवर ठेवायचा, बिल्ला घ्यायचा, सुटताना बिल्ला देऊन फोन घ्यायचा. पोलिसांनी त्याचा फोन गेटवरून परस्पर नेला, म्हणून बिल्ला खिशातच राहिला. म्हणजे ज्याच्या खिशात बिल्ला, त्याच्या हातात फोन नाही.

मी यादीतल्या वेळा पुन्हा वाचल्या. संध्याकाळी सात वाजून चाळीस मिनिटं. आठ वाजून पाच. पावणेसात.

अर्ज बाजूला ठेवला आणि दुकानाचं शटर ओढलं.

२

गेटवरचा माणूस गोरखपूरचा. रजिस्टर दाखवायला तयार नव्हता.

"मॅडम, कंपनी का मॅटर है, हम नहीं दिखा सकते."

"तुमच्या बायकोच्या रेशनकार्डाचा फॉर्म कुणी भरून दिला होता, पांडेजी?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं, रजिस्टर माझ्याकडे फिरवलं आणि चहाला गेला.

ओळ सरळ होती. अंकुश, बिल्ला २१२, फोन जमा दोन पन्नास, फोन परत अकरा दहा. रोज. सुट्टी फक्त सोमवारची, आणि एक संक्रांतीची. मी यादी उघडून एकेक शेरा ताडून पाहिला. संक्रांतीनंतर 'खरं बोलणारा'ने सव्वीस वेळा लिहिलं होतं. त्यातले एकोणीस शेरे तीन ते अकराच्या मधले, कामाच्या दिवशीचे. त्या वेळी अंकुशचा फोन गेटच्या लाकडी खणात पडलेला होता.

म्हणजे खातं दुसऱ्या फोनवरूनही चालत होतं. अंकुशच्या फोनवर ते नुसतं उघडं राहिलं होतं.

इथेच थांबले असते तरी त्याला जामीन मिळाला असता. पण रजिस्टरमध्ये अजून एक रकाना होता. फोन कसला ते लिहायचा, म्हणजे परत देताना भांडण नको. बारा जानेवारीपर्यंत अंकुशपुढे लिहिलं होतं, 'बटनवाला'. पंधरा जानेवारीपासून, 'टच, काच टूटी, पीछे मछली का स्टिकर'.

खातं सुरू झालं चार जानेवारीला. तेव्हा अंकुशकडे टचचा फोनच नव्हता.

पांडेजी चहा पिऊन आला. "मिल गया?"

"अर्धं मिळालं," मी म्हटलं. "मागे मासा चिकटवलेला फोन संक्रांतीच्या आधी कुणाचा होता, ते राहिलं."

३

किंजलला विचारायला वेळ लागला नाही. बोईसरला स्टेशनाजवळ तिच्या पप्पांचं फरसाणाचं दुकान आहे. हेमालीची ती एकुलती एक मैत्रीण, आणि कॉलेजचं मोबाइलवरचं पान तीच सांभाळायची. गल्ल्यावर बसली होती. मी स्टिकरचं नाव काढलं आणि तिने पिशवीत फाफडा भरायचा थांबवला.

"तो हेमूचा फोन होता, मावशी. संक्रांतीला तिने अंकुशला दिला. त्याला अभ्यासाचे व्हिडिओ दिसत नव्हते ना. तिला भावाने नवीन घेऊन दिलेला."

"नऊ सेकंदांचा तुकडा कुणी कापला?"

पप्पांनी आतून विचारलं, "कोण छे?" ती म्हणाली, "कोई नथी," आणि मला मागच्या गोदामात घेऊन गेली.

"मी कापला. गंमत म्हणून. मला वाटलं पन्नास लोक बघतील. साहेबांना दाखवला तर ते पण हसले. बोलले, पानावर टाक, लोकांना असलं आवडतं."

"कॉलेजच्या पानावर?"

"हा. पहिला तिथेच पडला. मग सगळ्यांनी उचलला." तिने ओढणीने नाक पुसलं. "हेमूने मला सांगितलं काढ. मी साहेबांना विचारलं. ते बोलले, चार लाख लोकांनी कॉलेजचं नाव बघितलं, आता काढतात का वेड्यासारखं?"

"आणि हेमाली?"

"ती दर दोन मिनिटांनी बघायची. लेक्चरला, बसमध्ये, जेवताना. आकडा वाढला का, कोण काय बोललं. झोपायचीच नाय. तो 'खरं बोलणारा' लिहायचा ना, ते मला दाखवायची आणि विचारायची, खरं आहे का गं हे?"

"तू काय सांगायचीस?"

"मी बोलायचे, इग्नोर कर. मावशी, ती हो किंवा नाय ऐकायला विचारत होती. मी इग्नोर सांगितलं."

"तिथे खाली लिहायचं होतंस ना, की खोटं आहे म्हणून."

"लिहिलं असतं तर लोक मला पण हसले असते."

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं आहे. किंजल वाईट मुलगी नाही. चार लाखांत तिच्यासारख्याच मुली जास्त होत्या.

पण हिशेब पुढे सरकला होता. चार जानेवारीला तो फोन हेमालीच्या घरात होता. जो कुणी ते खातं उघडू शकत होता तो तिच्या घरातलाच.

"तिच्या घरी कोण कोण?" मी विचारलं.

"आई. आणि दिपेशदादा." किंजलने दाराकडे पाहून आवाज उतरवला. "त्याने व्हिडिओ बघितला त्या दिवशी ताट फेकलेलं, मावशी. बोलला, आमचा नाक कापलास."

४

शिरगावला मी दुपारी पोचले. किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्या उभ्या होत्या आणि त्यांवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगलेले. फक्त एकीवर काही नव्हतं. चंद्रकांता, हेमालीची आई, तिच्या सावलीत बसून जाळ्याची दोरी सोडवत होती. सुटलेली दोरी पुन्हा गुंतवत होती आणि पुन्हा सोडवत होती.

दिपेश बोटीवर खलाशी. घरीच होता. मी कोण, कशाला आले, ऐकून घेतलं आणि मग उभाच राहिला.

"त्या पोऱ्याला सोडवाया आलीस? माझ्या बहिणीला खाल्लान त्यानं."

"चार जानेवारीला हेमालीचा फोन तुझ्या हातात आला होता का?"

त्याला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा मला वाटलं मारतोय.

"मी? मी लिवला तसा?"

"ताट तू फेकलंस."

"फेकला. तोंडावर बोललो तिला. शिव्या पन दिल्या. आमी मागून नाय बोलत कोनाला, तोंडावरच बोलतो." तो आत गेला, प्लास्टिकच्या पिशवीतून बोटीचे टोकन काढून माझ्यापुढे टाकले. समुद्रात जाताना घ्यायचे कागद, तारखेसकट. "बघ. दोन तारखेला निगालो, आठला आलो. परत सोळाला निगालो. तिथं रेंज असते? तिथं बरफ पुरतो ता पन नशीब."

दोन ते आठ. खातं चार तारखेला सुरू झालं. दिपेश तेव्हा खोल पाण्यात होता.

"नवा फोन मीच घेऊन दिला नंतर," तो म्हणाला. "ताट फेकला म्हनून. माफी मागाया येत नाय मला. फोन दिला." मग त्याने भिंतीकडे तोंड केलं.

घरात उरलं कोण? चंद्रकांताला वाचता येत नाही.

मी ओट्यावर बसून राहिले. चंद्रकांताने पाणी आणून दिलं आणि न विचारताच बोलायला लागली. "घरात बोलना सोडला होता तिनं. काय पायजे तं हातानं दाखवायची. बाजारात माझ्याबरोबर यायची म्हावरं इकाया, तं तोंडाला रुमाल. मी बोल्ली, गो, दात दुखतो का? मान हलवली नुसती. पोर माझी बडबडी, बाय. आंगनातल्या कोंबडीला पन गोष्ट सांगायची. माझ्यापुढं मुकी झाली."

"कुणाला दाखवलं नाही?"

"कोनाला दाखवाचा? ताप नाय, खोकला नाय. मोबाइल बघते, आजकाल सगलीच बघतात." तिने हात पुसले. "तरी कामाला कसूर नाय. ते बघ, मी सगले पिंप एकसारखे दिसतात म्हनून चुकते, तं दिपेश वाचील म्हनून तिनं नावं लिवून ठेवली."

कोपऱ्यात निळी पिंपं ओळीने होती. झाकणांवर काळ्या मार्करने गोल, नीट अक्षर. पहिल्यावर 'सोडे'. दुसऱ्यावर 'जवळा'. तिसऱ्यावर एकच शब्द.

'म्हीठ'.

५

अक्षर सगळ्यांचं बदलतं, चूक बदलत नाही. बावीस वर्षं मी पोट भरतेय ते लोकांच्या चुकांवर. आणि ही चूक यादीत तीनदा छापलेली असताना मी घाईत दाबलेली बटणं म्हणून सोडून दिली होती. म्हीठ. म्हासळी. न्हाही.

आमच्या भागात बोलताना ह गळतो. किनाऱ्यावर गळतो, डोंगरात गळतो, माझ्या माहेरी, पाम गावातही गळतो. आमी, तुमी. त्यात काही कमी नाही. पण ज्याला त्या ह-वरून चार लाखांसमोर हसलेत, तो माणूस काय करतो? ह हुडकून हुडकून घालतो. जिथे नाही तिथेही घालतो. मिठात घालतो, मासळीत घालतो. घरात म्हावरं म्हणणारी पोर ते गावंढळ वाटतं म्हणून सोडते, मासळी लिहायला जाते आणि सुटलेला ह तिथे चिकटवते. शहरातला चिडवणारा ही चूक करणार नाही, त्याला ह कुठे असतो ते माहीत असतं. अंकुश मोबाइलवर लिहीतच नाही. त्याच्या फोनात सगळे मेसेज आवाजाचे, हे तुमच्याच अहवालात आहे. दिपेशला ह-ची लाज नाही. किंजल इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिते.

उरली एकच. जिचा फोन होता ती. जिच्या नव्या फोनवरून खातं पुढे चालत राहिलं ती.

हेमालीला हेमालीच लिहीत होती.

आणि 'नको गं' या दोन शब्दांकडे तुम्ही पाहिलंतच नाही, साहेब. मिशीवाल्याच्या फोटोला, 'बोलणारा' म्हणवणाऱ्या खात्याला, कुणी गं म्हणतं का? अंकुशला माहीत होतं आत कोण आहे.

हे सगळं सुचायला पाणी प्यायला लागतो तेवढा वेळ लागला. सांगायला मला तासभर तोंड फुटलं नाही. कारण ह घालायला तिला मीच शिकवलं होतं. पहिल्या वर्षाच्या प्रवेशाचा अर्ज घेऊन आली तेव्हा. "पोरी, ह खाल्लेस गं सगळे. आम्ही, तुम्ही. ह घालत जा, नाहीतर लोक हसतील." ती हसून म्हणाली होती, "मावशी, ह खाऊन पोट भरत असतं तं आई म्हावरं कशाला इकती?"

मी चंद्रकांताला सांगितलं. सगळं. तिने ऐकलं.

"म्हंजे तिला कोन नाय बोलला?"

"बोलायच्या आधी हसले लोक. मग तिनेच बोलून घेतलं."

"स्वताला?"

"स्वतःला."

दिपेश म्हणाला, "आये, हे बाहेर काढाचा नाय. गाव काय बोलील? येडी होती बोलतील."

वाऱ्याने वलांडीवरचे बोंबील एकमेकांवर घासत होते, त्याचा आवाज येत होता. चंद्रकांता उठली. मिठाच्या पिंपाचं झाकण काढलं, पदराने आतून कोरडं पुसलं.

"ती आता कोनाला पन उत्तर देणार नाय," ती दिपेशला म्हणाली. "त्या पोऱ्याला आजून द्याचा हाय. त्याला पन आईस हाय."

झाकण कडेवर घेऊन ती माझ्याबरोबर रिक्षात बसली. लहान पोर घेतात तसं, अक्षर आतल्या बाजूला.

रजिस्टरच्या नोंदी, बोटीचे टोकन, झाकण, सगळं पोलिसांपुढे मांडलं. तीन दिवसांनी अंकुश सुटला. सोमीने त्याला आधी माझ्या दुकानात आणलं. स्टुलावर बसला, हात मांड्यांखाली घालून.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"फोन उगडला तवा तिचा खाता उगडाच होता. तिला इचारला. ती बोल्ली, दुसरा कोनी बोलायच्या आदी मीच बोलते, मंग कमी लागतं."

"आणि?"

"आनी बोल्ली, कोनी तरी नाय बोलंल, खोटं हाय बोलंल, म्हनून वाट बघते. कोनीच नाय बोललं." त्याने मान वर केली. "मला लिवाया लाज वाटते, मावशी. तरी लिवला. दोनच शबद. मंग तीन दिस तिनं काय नाय लिवला."

यादीत तसंच आहे. तेहतिसाव्या आणि चौतिसाव्या शेऱ्यांच्या मध्ये तीन दिवस कोरे आहेत. चार लाखांतल्या एकाचे दोन शब्द, आणि ते तीन दिवस पुरले.

"मग पोलिसांना का नाही सांगितलंस?"

"तिनं सांगितला होता, कोनाला बोलू नको. तिला आजून हसले असते."

सोमीने त्याच्या डोक्यात टपली मारली आणि मग तोच हात तिथे ठेवून दिला.

६

आता तुमच्याकडे येते.

मी तुमच्या केबिनमध्ये आले होते. तुम्ही खुर्चीवरून उठला नाहीत. म्हणालात, "विजयाबाई, तुम्ही झेरॉक्स काढा. तपासाला माणसं नेमलेली आहेत."

"नेमलेल्या माणसांनी नऊ दिवस भलत्याला आत ठेवलं."

"मुलगी मनाने कमजोर होती. आता तर तुम्हीच सिद्ध केलंत. कॉलेजचा काय संबंध?"

"तुकडा तुमच्या पानावर पहिला पडला."

"तिने तक्रार केली होती का? एक तरी? तक्रारपेटी आहे आपल्याकडे. किल्ली दोन वर्षांमागे हरवली होती, म्हणून दहा तारखेला कुलूप तोडून पेटी उघडली. रिकामी निघाली. अहवालात आहे, वाचा."

वाचलंय. पान तीन, मुद्दा चार. त्यानंतर मी बाहेर आले आणि पेटी पाहिली. तुमच्या दाराबाहेर, शिपाई शांताराम बसतो त्या स्टुलाच्या वर. कुलूप पितळेचं, हिरवं पडलेलं, जुनं. कडी सरळ. पत्र्यावर ओरखडा नाही. किल्लीच्या भोकाशी तेलाचा ताजा डाग.

"शांताराम," मी विचारलं, "तोडलेलं कुलूप परत लागतं का हो?"

शांतारामने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "लागतं की. न तोडता उघडलं असेल तर."

"कुणी उघडलं?"

"किल्ली ज्यांच्या ड्रॉवरमध्ये असते त्यांनी. नऊ तारखेला, बातमी आली त्या दुपारी. कुलूप अडकत होतं, तेल आणायला मलाच पाठवलं." तो अजून हळू बोलला. "एकच चिठ्ठी होती आत. वहीचं पान, चार घड्या. लाल पेनाच्या खुणा दिसत होत्या बाहेरून. खिशात टाकली त्यांनी. मी पाहिलं."

"हे लिहिताना तुमचं नाव घालू का?"

"घाला. आठ महिने राहिलेत माझे. काय करतील, स्टूल काढून घेतील?"

लाल पेन ऐकल्यावर मी तिथेच त्याच्या स्टुलावर बसले. तो उठून उभा राहिला.

त्या लाल खुणा माझ्या होत्या.

सहा फेब्रुवारीला हेमाली दुकानात आली ती तेच पान घेऊन. तोंडाला रुमाल होता. स्कॉलरशिपच्या फॉर्मची शेवटची तारीख, रांग पार रस्त्यापर्यंत. तिने पान पुढे सरकवलं. खूप दिवसांनी कुणाशी बोलत असल्यासारखी म्हणाली, "मावशी, जास्तीचा ह कुठं पडला का बघा ना. साहेबांना द्यायचाय, हसतील."

मी वाक्य वाचलं नाही. मला वाक्यं वाचायची सवय नाही, मी शब्द बघते. लाल पेन घेतलं आणि दोन ह खोडले. एक 'म्हाझ्या'तला. दुसरा 'म्हदत'मधला. "आता बरोबर," म्हटलं आणि पुढच्याचा फॉर्म घेतला. ती माझ्या काउंटरसमोर थोडी थांबली होती. कशाला थांबली ते मी विचारलं नाही.

मदत हा शब्द तिने चुकीचा लिहिला होता, आणि मी तो बरोबर करून तिच्या हातात परत दिला.

हा माझा गुन्हा. तो मी तुमच्यासारखा कुणा पोरावर ढकललेला नाही. चंद्रकांताच्या ओट्यावर बसून तिला सांगितला. ती म्हणाली, "बाय, तू निदान तिचा कागद हातात तरी घेतलास." मग विचारलं, "बाकी काय लिवला होता गो तिनं?" मला सांगता आलं नाही. रोज विचारते. बाजारात भेटली की पाटी खाली ठेवून विचारते.

चिठ्ठी सहा तारखेला पेटीत पडली. हेमाली नऊला सापडली. मधले तीन दिवस किल्ली तुमच्या ड्रॉवरमध्ये, तुमच्या दारापासून पेटी चार पावलांवर. 'किल्ली हरवली' हे तुम्ही लिहिलंत तेव्हा चिठ्ठी तुमच्या खिशात होती, म्हणजे मजकूर तुम्हाला माहीत होता. आणि माहीत असूनही तुम्ही अंकुशचं नाव लिहिलंत.

मला त्यातले दोनच शब्द माहीत आहेत. माझ्या. मदत.

साहेब, त्या दोन शब्दांच्या मागेपुढे काय लिहिलं होतं? तिची आई ओट्यावर बसली आहे. सांगा.